उझबेकिस्तानचा विजय असो

आमच्या ह्यांचा आवाज कसा हाय, ते आधी सांगते, नाहीतं पुढचं तुमाले काहीच पटणार नाही.

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटात हे क्रेनखाली उभे राहतात अन् वर बसलेल्या ऑपरेटरले वरडून सांगतात, उचल, सरकव, थांब. भट्टी दिवसभर धडधड करते, तिच्यावरून ह्यांचा आवाज गेला पाहिजे. आता ड्युटी संपली का आवाज गेटवर जमा करून घरी या, असं तं काही नसते. जेवतानी ह्यांनी मीठ मांगितलं का भिंतीपलीकडची शेवंता मिठाचा डबा घेऊन दारात उभी. मी म्हणते, "अहो, मी इथंच बसली हाय, बिलासपूरले नाही." तं हे म्हणतात, "मी कुठं वरडून राहिलो?" अन् ते बी वरडूनच.

चौदा एप्रिलच्या रॅलीत घोषणा हेच देतात. माइक लागत नाही. रॅली तात्यापारा मोहल्ल्यात शिरते तवा हे पहिली घोषणा देतात, मागून सगळे "विजय असो" म्हणतात, अन् दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर येतात. रॅली आली असं कोणी म्हणत नाही, देवीदासभैया आले म्हणतात. मले तवा बरंच वाटते, खोटं कायले बोलू.

तं अशा माणसाले आमच्या पोट्टीनं मॅच पाहायची बंदी केली होती.

दीक्षा आमची हँडबॉलची गोलकीपर. हँडबॉल लोकायले माहीत नसते, मले बी नव्हता. सात-सात पोट्ट्या, हातानं बॉल आपटत पळायचं अन् समोरच्या गोलात फेकायचा. गोलापुढं एक मोठा अर्धा गोल आखलेला असते, त्याच्यात गोलकीपर एकटी. दुसरं कोणी तिथं पाय ठेवायचा नाही. मारणारी पोट्टी त्या रेघेवरून उडी घेते अन् हवेतूनच असा बॉल सोडते का पाहणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. एका मॅचमध्ये एकेका बाजूनं वीस-पंचवीस गोल होतात. म्हणून गोलकीपरचं काळीज घट्ट पाहिजे. गोल खाल्ला तं खाल्ला, हातपाय पसरून पुन्हा उभं राहायचं.

हे तिले शिकवलं ह्यांनीच. पोट्टी शाळेत होती तवापासून ड्युटीवरून आले का चहा बी न पिता रबरी बॉल घेऊन विहाराच्या मागच्या भिंतीकडं चालले. भिंतीले पाठ लावून दीक्षा उभी अन् हे समोरून दणादण बॉल मारून राहिले. लोक म्हणत, पोट्टीले मारता काय हो? हे म्हणत, "मारून नाही राहिलो, शिकवून राहिलो." अर्ध्या पाऱ्याले, म्हंजे मोहल्ल्याले, ऐकू जाये.

मंग भिलाईची मॅच झाली. राज्याची फायनल होती. शेवटी शेवटी सात मीटर मिळाला समोरच्या टीमले. सात मीटर म्हंजे मारणारी एकटी, गोलकीपर एकटी, मधात कोणी नाही. सगळा हॉल चूप. अन् हे उठले अन् गरजले, "दीक्षा, डावीकडं! डावीकडं!" पोट्टी डावीकडं गेली. बॉल उजवीकडून गेला. मॅच गेली.

घरी येऊन ती जेवली, ताट घासून ठेवलं, अन् ह्यांच्यासमोर उभी राहिली. आमची पोरं मराठी समजतात पण जबाब हिंदीत देतात, तशी ती म्हणे, "बाबा, आज से आप मेरे मैच में नहीं आओगे."

हे हसले.

"हँसो मत. आप मुझे कहीं दिख गए ना, तो मैं कोर्ट छोड़कर बाहर आ जाऊँगी. सबके सामने."

ह्यांचं हसू तिथंच थांबलं. कारण पोट्टी ह्यांचीच. बोलली तं करन, हे घरात सगळ्यायले माहीत. तेव्हापासून चार वर्षं ह्यांनी तिची एक मॅच पाह्यली नाही. राज्याच्या टीममध्ये गेली, भारताच्या कॅम्पमध्ये गेली, भारताची जर्सी मिळाली. ती जर्सी तिनं घरी आणली तवा हे तिले हात लावून पाहून राहिले, कपड्याच्या दुकानात लुगड्याचा पोत पाहतात तसे. "किती वाचवले?" एवढंच विचारत फोनवर. मले लय राग ये. पोट्टीचा बी अन् ह्यांचा बी. मी म्हणे, "जा ना सरळ, बाप हाय तुम्ही." तं म्हणत, "अन् ती खरंच बाहेर आली तं?"

तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी राजधानी, त्यामुळं सगळं आपल्याच गावात झालं पाहिजे, असा हट्ट. रस्ते रुंद करून राहिले, दुभाजकायले रंग देऊन राहिले, अन् त्याच झपाट्यात आशियातल्या देशायची महिला हँडबॉल स्पर्धा रायपूरले आली. इनडोअर स्टेडियममध्ये, आमच्या घरून स्कूटरनं जाऊन मिसळीतला रस्सा गरम राहीन एवढ्या अंतरावर. दीक्षा टीममध्ये. दुसरी गोलकीपर, म्हंजे पहिलीचं जमलं नाही तं हिले उतरवणार.

हॉटेलवरून तिनं मले एक पास पाठवला. एकच. मी फोन केला, "तुझ्या बाबाले?"

"आई, तू आ जा. बाबा का तुझे पता है."

हे बाजूलेच बसले होते. कानाले लावलेला फोन ह्यांना ऐकू गेला का नाही, मले माहीत नाही. उठून अंगणात गेले अन् नळाची चाबी उगीच घट्ट करत बसले. त्या दिवशी मले ह्यांची कीव आली. दुसऱ्यायच्या पोरी पाहायले अख्खं गाव चाललं, अन् बाप घरी नळ पिळून राहिला.

अन् मंग सत्यभामाबाई आली.

सत्यभामाबाई आमच्या रमाई महिला मंडळाची अध्यक्ष. झालं असं होतं का बाहेरदेशच्या टीमायसाठी टाळ्या वाजवायले कोणी नसन तं बरं दिसणार नाही, म्हणून आयोजकायनं एकेका शाळेले, एकेका मंडळाले एकेक देश वाटून दिला होता. आपल्या देशाची मॅच असो का नसो, तुम्ही तुमच्या देशाकडून बसायचं अन् वरडायचं. सत्यभामाबाई त्यायच्या शंकर नगरच्या हापिसात गेली जपान मांगायले, बौद्ध लोकायचा देश म्हणून. जपान एका कॉन्व्हेंटनं आधीच नेला होता. तिले उझबेकिस्तान भेटला.

"आता घेतला तं घेतला," ती म्हणे. "झेंडा पाहा, वर निळा हाय. मले तं पसंत हाय." गठ्ठाभर पास अन् कागदी झेंडे तिनं माझ्या पलंगावर ठेवले. "पण कलावती, आपल्या बायायचे गळे तुले माहीत हाय. घोषणा द्यायले एक माणूस पाहिजे."

अन् तिनं ह्यांच्याकडं पाह्यलं.

मी म्हटलं, "बिलकुल नाही. पहिली मॅच कोणासंगं हाय, माहीत हाय का? भारतासंगं."

ह्यांनी एक कागदी झेंडा उचलला. मंग म्हणे, "कलावती, जरा इचार कर. पोट्टी पाहीन तं आपल्या लोकायकडं पाहीन. उझबेकिस्तानकडं कायले पाहीन? आपला बाप तिकडं बसला असन, असं कोणाच्या डोक्यात येईन काय?"

आता ह्याले काय म्हणावं! पण खरं सांगते, बोलणं बरोबर होतं. मी बाबासाहेबायच्या फोटोसमोर ह्यांना उभं केलं अन् कबूल करून घेतलं का दीक्षाचं नाव तोंडातून निघणार नाही, भारताचं बी नाही, डावीकडं नाही, उजवीकडं नाही. ह्यांनी सगळं कबूल केलं. कानटोपी घालायचं बी कबूल केलं. माझा पास मी शेवंताले दिला अन् ह्यांच्या बाजूले बसायचं ठरवलं, म्हंजे तोंड उघडलं तं दाबता येईन.

मॅचच्या दिवशी आम्ही पांढऱ्या लुगड्यातल्या, निळ्या काठाच्या सगळ्या बाया गोलामागच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसलो. मधात कानटोपी अन् मफलरवाले हे. हॉलमध्ये माणसं खचाखच, उकडून राहिलं होतं, अन् ह्यांच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. मागच्या बाईनं विचारलं, "भाऊसाहेबाले ताप हाय का?" मी म्हटलं, "हो, चार वर्षं झाली."

उझबेकिस्तानच्या पोट्ट्या मैदानात आल्या. लंबी वेणीवाली एक पुढं, ती कप्तान. सगळा हॉल भारत भारत करून राहिला होता, त्या आपल्या चूपचाप पळत होत्या. मंग त्या कप्तानले आमचा ब्लॉक दिसला. पांढऱ्या लुगड्यातल्या एवढ्या बाया, हातात तिच्या देशाचे झेंडे. पोट्टी थांबली. छातीवर हात ठेवला अन् आमच्याकडं पाहून मान लववली.

"किती दुरून आल्या बिचाऱ्या," हे म्हणे. "माय नाही, बाप नाही सोबत."

"तुम्ही चूप बसा," मी म्हटलं.

दीक्षा बेंचवर होती, पिवळ्या जर्सीत. तिनं पास दिलेल्या जागेकडं पाह्यलं, तिथं शेवंता दोन्ही हात हलवून राहिली होती. दीक्षाच्या कपाळावर आठी आली, ती मले इतक्या लांबून दिसली. हे मात्र काही पाहत नव्हते, फक्त तिच्याकडं पाहून राहिले होते. "उंच झाली," म्हणे. घरात डोळ्यासमोर वाढलेली पोट्टी ह्यांना तिथं उंच दिसली.

मॅच सुरू झाली अन् उझबेकिस्ताननं दणादण गोल मारले. आमच्या भारताच्या गोलकीपरचं काही जमेचना. इकडं आमचा ब्लॉक मुका. बाया झेंडे हलवत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. भारतावर गोल झाला तं खुश कसं व्हायचं, तुम्हीच सांगा. सत्यभामाबाई एकदा "उझबेकिस्तान" म्हणायले गेली तं तिले ठसका लागला.

तवा गळ्यात बिल्ला अडकवलेला एक पोट्टा आला. "आंटी लोग, ये ब्लॉक एकदम ठंडा है. ऊपर बड़े मेहमान बैठे हैं. आवाज निकालो, नहीं तो मैं स्कूल के बच्चों को यहाँ बिठा देता हूँ."

मी म्हटलं, "काय रे, आमाले उठवशील? तुझ्या घरी मोठं माणूस नाही का?"

"आंटी, मेरी नौकरी है," तो म्हणे, बिचारा रडकुंडीले आलेला. "पाँच मिनट देता हूँ."

अन् त्याच टाइमले भारताच्या कोचनं पहिली गोलकीपर बाहेर घेतली. दीक्षा उठली. हात झटकले अन् लांबच्या गोलाकडं पळत गेली. पिवळी जर्सी, पाठीवर देशाचं नाव. ह्यांनी माझा हात असा आवळला का बांगडी रुतली. इतक्या वर्षांनी पोट्टी उतरून राहिली, अन् आता इथून उठवून बाहेर काढतीन.

सत्यभामाबाई वळली. "देवीदासभाऊ, तोंड उघडा, नाहीतं निघा लागन."

हे माझ्याकडं पाहून राहिले. मी तरी काय करू? म्हटलं, "वरडा. पण हळू."

हळू! मले बी काय सुचलं! हे उठले, मफलर सारखा केला, छाती भरून घेतली अन्...

"उझबेकिस्तानचाऽऽऽ!"

अन् आमच्या बाया, वर्षानुवर्षं चौदा एप्रिलले ह्यांच्या मागं चालणाऱ्या, सवयीनं सगळ्या एका गळ्यात, "विजय असो!"

हॉल थांबला. हजारो माणसं मान वळवून आमच्याकडं पाहून राहिली. मंग हशा पिकला, टाळ्या पडल्या. उझबेकिस्तानच्या पोट्ट्यायले अर्थ समजला नाही, पण देशाचं नाव समजलं, त्या उड्या मारायले लागल्या. अन् तवा माझ्या ध्यानात आलं का अरे बाप्पा, अख्ख्या स्टेडियमात मराठीतून कोण वरडन? दुसरं हायच कोण!

लांबच्या गोलात दीक्षा ताठ उभी होती, मान आमच्याकडं. मी सत्यभामाबाईच्या पदराआड झाली. दीक्षा पाहतच राहिली अन् बॉल तिच्या बाजूनं जाळीत गेला.

हे मटकन खाली बसले. "झालं," म्हणे.

दीक्षा गोलातून निघाली. सरळ बेंचकडं चालली. कोच हात हलवून काहीतरी विचारत होता, ती चालतच होती. म्हटलं, निघाली पोट्टी. बोलली होती तसं केलं. आपल्या गावात, सगळ्यायसमोर, देशाची जर्सी घालून, अन् कोणापायी? बापापायी. अन् बापाले तिथं बसवलं कोणी? मी.

बेंचजवळ ती थांबली. पाण्याची बाटली उचलली, दोन घोट घेतले, बाटली आपटली. अन् वळून परत गोलात गेली. खालचा ओठ दाताखाली. हे तोंड मले ओळखीचं हाय, लहानपणी हिच्या वाटणीचा आंबा कोणी खाल्ला का असंच होये.

त्याच्यापुढं तिनं काय केलं, मले नीट सांगता येणार नाही. एक पायानं अडवला, एक खांद्यावर घेतला, एक तं तोंडाले लागता लागता हातानं वर उडवला, अन् तिकडं भारतानं एकेक करून गोल फेडत आणले. बिल्लेवाला पोट्टा दुरून अंगठा दाखवून राहिला, अजून वरडा म्हणून. बायाच आता जोशात आल्या होत्या, "उझबेकिस्तानचा" म्हणून सत्यभामाबाईच सुरू करत होती, अन् ह्यांचे ओठ नुसते हलत होते.

इंटरव्हल झाला. हे उठले. "मी जातो, कलावती. आता गोल बदलतात. ती ह्याच बाजूले येईन, अगदी समोर. माझ्यापायी तिचं बिघडलं तं मी कुठं तोंड दाखवू? एवढं पाह्यलं, बस झालं."

मी ह्यांचा मफलर धरला, मंग सोडून दिला. ह्यांचे डोळे भरले होते, अन् माझे बी. ह्यांनी झेंडा घडी करून खिशात ठेवला अन् बायायच्या पायातून वाट काढत निघाले. पण दरवाज्यात गर्दी, चहावाला, पोरं, सगळे अडकलेले. हे तिथंच उभे, अन् टीमा परत आल्या.

दीक्षा पळत आली आमच्या समोरच्या गोलाकडं. दोन्ही खांबायले हात लावला. अन् वर पाह्यलं, सरळ कानटोपीकडं.

"ओ कानटोपी!" ती वरडली. बापाचा गळा, दुसरं काय! "किधर? बैठो वहीं! हारने का टाइम आया तो भागते हो?"

हे जिथं होते तिथंच पायरीवर बसले. बाजूची दोन माणसं सरकली.

दुसरा हाफ कसा गेला, देवालेच माहीत, अन् आमच्याकडं तं देव बी नाही. एक गोल इकडं, एक तिकडं. बरोबरी सुटेच ना. हे पायरीवर बसून गुडघे धरून होते. शेवटी भारताचा एक गोल जास्त झाला अन् सगळा हॉल उभा राहिला. तेवढ्यात भारताच्या एका पोट्टीनं समोरचीले कमरेतून ओढलं. पंचानं शिटी वाजवली, हात दाखवला. सात मीटर. अन् घड्याळ संपलेलं. हा बॉल गेला तं बरोबरी, अडवला तं भारत जिंकला.

बॉल घेऊन वेणीवाली कप्तान उभी राहिली. सगळा हॉल तिच्यावर हूट करून राहिला, थाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. एकट्या पोट्टीवर हजारो माणसं. तिनं बॉल हातात घेऊन आमच्या ब्लॉककडं पाह्यलं. अन् हलकेच छातीवर हात ठेवला.

आमच्या बायायनं माना खाली घातल्या. कोणाच्यानं वरडवणार? समोर गोलात दीक्षा, पाऱ्याची पोट्टी, जिचं बारसं ह्या सगळ्यायनं जेवलं. सत्यभामाबाई तं झेंडा तोंडावर धरून बसली.

अन् पायरीवरून हे उठले. मी म्हटलं, "अहो!" पण माझं कोण ऐकते. कानटोपी काढून हातात घेतली अन् प्लांटात बी कधी काढला नसन असा आवाज काढला.

"उझबेकिस्तानचाऽऽऽ!"

कोणीच काही म्हटलं नाही. एकाही बाईचा गळा उठला नाही. हॉल गप झाला. हे एकटेच, हात वर करून. त्या एका शब्दाले जोडीदार भेटत नव्हता, अन् मले पाहावलं नाही. मी उभी झाली अन् म्हटलं, "विजय असो." माझ्या लेकीच्या विरोधात, तिच्या तोंडावर.

दीक्षा हातपाय पसरून उभी होती. तिनं आमच्याकडं पाह्यलं नाही. पण ती हसून राहिली होती, दात दिसत होते.

शिटी झाली. कप्ताननं डावा खांदा असा फिरवला का मले वाटलं बॉल डावीकडं चालला. दीक्षा हललीच नाही. शेवटपर्यंत थांबली, अन् बॉल निघाला तवा उजवा पाय असा वर गेला का मी माझ्या पोटच्या पोट्टीचा एवढा लंबा पाय कधी पाह्यला नव्हता. बॉल पायाले लागून वर गेला, खांबावर आदळला अन् बाहेर.

त्याच्यानंतर कोण कोणाच्या गळ्यात पडलं, मले आठवत नाही. सत्यभामाबाईनं उझबेकिस्तानच्या झेंड्यानं डोळे पुसले, एवढं पाह्यलं.

आम्ही खाली उतरतो तं उझबेकिस्तानच्या पोट्ट्या आमच्याच ब्लॉककडं आल्या. हरल्या होत्या, दोघी तिघी रडत बी होत्या, पण आल्या. कप्ताननं ह्यांचा हात धरला अन् कठड्यावरून सरळ मैदानात ओढलं. सगळ्या पोट्ट्या ह्यांच्याभोवती. ह्यांच्या हातात कानटोपी, अंगावर मफलर, अन् काय करावं ते सुचेना.

पोट्ट्या बाजूले झाल्या तं समोर दीक्षा उभी. घामानं थबथबलेली.

हे म्हणे, "मी तुझं नाव नाही घेतलं. तुझ्या आईले विचार. भारताचं बी नाही घेतलं." मोठा माणूस, पण हेडमास्तरसमोर उभं केल्यासारखा.

"आखिर में क्यों चिल्लाए?" दीक्षानं विचारलं.

"त्या पोट्टीनं आपल्याकडं पाह्यलं," हे म्हणे. "एवढ्या माणसायत तिच्या बाजूनं कोणीतरी पाहिजे होतं ना. मी तिच्याकडून बसलो होतो. अन् तुले माझी गरज नव्हती, ते मले दिसून राहिलं होतं."

दीक्षानं बाहीनं तोंड पुसलं. मंग म्हणे, अन् मराठीत म्हणे, "बाबा, तुमचा आवाज आला का मी गोलकीपर राहत नाही. तुमची पोट्टी होऊन जाते. तुम्ही डावीकडं म्हणता अन् माझे पाय जातात, बॉल कुठंही जावो. आज पहिल्यांदा तुम्ही समोरून होते. मले तुमचं ऐकायचंच नव्हतं. फक्त हरवायचं होतं."

"त्यायले?"

"तुमाले."

ह्यांनी मान हलवली. तीन-चारदा हलवली. "मंग हरवलं तू," म्हणे. "चांगलं हरवलं."

मी मधात पडली. म्हटलं, "अन् मी? मी बी वरडली. मले कोणी विचारून नाही राहिलं." दीक्षानं मले मिठी मारली. पांढरं लुगडं घामानं ओलं झालं, होऊ दे म्हटलं.

भारताच्या टीमनं तिले हाक मारली. ती दोन पावलं गेली. तवा ह्यांनी विचारलं, अन् विचारतानी माझ्याकडं पाह्यलं, तिच्याकडं नाही. "परवाच्या मॅचले मी घरीच राहू का?"

"परवा थायलंड हाय," दीक्षा म्हणे. "त्यायच्याकडून बसा, हव? लय जोरानं वरडा." अन् मंग वळून, ओठ दाताखाली धरून म्हणे, "पण या."

हे तिथंच मैदानावर मांडी घालून बसले अन् रडले. उझबेकिस्तानच्या कप्तानले वाटलं का बाबा तिच्या हरण्यापायी रडून राहिले, तं ती बी बाजूले बसली अन् ह्यांच्या पाठीवरून हात फिरवायले लागली. मी काही समजावून सांगितलं नाही. झाडू मारणारी बाई आली तवाच आम्ही उठलो.